धुऱ्यावरचा मोह

"तुमच्याकडं मोह असतो ना? तो कसा आंबवतात हो?"

पुण्यात, मुंढव्याकडच्या एका ब्रुअरीत, गमबूट घातलेल्या एका पोरानं मला हे विचारलं आणि मी गप्प झालो. विचारण्यात काही खोच नव्हती, हातात फावडं, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर नुसती उत्सुकता. तो रोज बीअर बनवतो, आंबण्यातलं त्याला कळतं, समोर नागपूरकडचा शेती असलेला माणूस दिसला म्हणून त्यानं विचारलं, बस. माझ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची दोन झाडं आहेत, आजोबांच्याही आधीची. दहावीचा अभ्यास मी त्यांच्या बुडाशी बसून केलाय. आणि माझ्या तोंडातून उत्तर काय निघालं, तर "असंच... पाण्यात टाकून ठेवतात बहुतेक." तो बरं म्हणाला, हसला, कामाला लागला. मित्रांनी पुढचा ग्लास मागवला. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले, पण ते "बहुतेक" काही मनातून जाऊन नाही राहिलं.

खरं तं मार्चमध्ये शेत सोडून कुठं जायचा माझा विचारच नव्हता. मी राहतो नागपूरला, नोकरी तिथंच, पण शनिवार-रविवार गाडी काढून काटोल रोडला लागतो, तासा-दीड तासात शेतात. साडेचार एकर आहे सगळं मिळून, अडीच एकरात संत्रा आणि बाकी गहू-हरभरा. आमची बाग आंबिया बहाराची. म्हणजे हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईस्तोवर त्याला ताण द्यायचा, बघवत नाही ते पण करावं लागतं, आणि मग पाणी सोडायचं. तहानेनं कासावीस झालेलं झाड पाणी मिळालं की नवती फेकतं आणि त्या कोवळ्या पानांसोबत पांढरं फूल. फेब्रुवारीतल्या त्या आठ-दहा दिवसांत संध्याकाळी बागेत उभं राहिलं की वासानं डोकं जड होतं अक्षरशः, मधमाश्यांचा आवाज एवढा की फोनवर बोलता येत नाही. मार्च लागला की फूल गळून वाटाण्याएवढी हिरवी फळं दिसायला लागतात आणि तिथून पुढं नुसती काळजी. फळगळ किती होईल, डिंक्या रोग कुठल्या झाडाला लागला, आणि सगळ्यात मोठी म्हणजे अवकाळी. दुपारी आभाळ भरून आलं की नागपुरात ऑफिसच्या खिडकीतनं मी उत्तर-पश्चिमेकडं बघत बसतो. गारा आल्या तर दहा मिनिटांत वर्ष जातं, हे मी दोनदा पाहिलंय.

तरी गेलो. कॉलेजचे आम्ही तिघं, एक जण पुण्यात स्थायिक, दुसरा माझ्यासोबत नागपूरहून. गेली चार वर्षं बोलणंच चाललं होतं की एकदा दोन दिवस काढू आणि पुण्यातल्या ब्रुअऱ्या पालथ्या घालू. गहू हार्वेस्टरनं काढून झाला होता, हरभरा सोंगून घरी आला होता, आई म्हणाली जा बाबा, मी आहे, दोन दिवसांनी काही संत्रा पळून जात नाही. अजनीवरनं गाडीत बसलो तेव्हा बुटीबोरीपर्यंत दोन्ही बाजूला पळस पेटलेला होता, पान एक नाही, नुसती शेंदरी फुलं, आणि मला उगाच वाटलं की वर्षातले सगळ्यात चांगले दिवस इथं आहेत आणि मी निघालोय कुठं.

पुण्यात मात्र मजा आली, खोटं कशाला सांगू. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हा आमच्यातला एक जण तिथंच शिकत होता, त्यामुळं त्याला तो जुना वतनदार असल्यासारखा अभिमान. त्यानंच सगळं ठरवलं, पहिल्या दिवशी बाणेर-बालेवाडी, दुसऱ्या दिवशी कोरेगाव पार्क आणि मुंढवा. छोटे छोटे ग्लास एका लाकडी फळीवर ओळीनं लावून आणतात, त्यातली गव्हाची बीअर मी पहिल्यांदा तोंडाला लावली आणि चक्क केळ्याचा वास, मागं लवंगेसारखं काहीतरी. मला वाटलं केळं टाकलं असेल. तर म्हणे नाही, ते यीस्ट करतं, त्या जातीच्या यीस्टचा गुणच तो. काळी स्टाउट होती तिला भाजलेल्या धान्याचा कडवटपणा, तव्यावर भाकरीचा कोपरा करपतो ना, तसा. आयपीए म्हणून एक कडू बीअर असते, ती मला झेपली नाही, पण तिच्या कडूपणानं पाडव्याला आई कडुनिंबाचं कोवळं पान गुळासोबत हातावर ठेवते ते आठवलं. हा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलोऱ्याचा, थंडीतली वेल आहे, आपल्याकडं हिमाचलात लाहौलच्या बाजूला होते. वैशाखात पंचेचाळीसला टेकणाऱ्या आमच्या गावात ती काय जगणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंढव्याला पोचलो. फळ्यावर एक बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर लिहिलेली, त्यात धने आणि संत्र्याची साल. संत्रा म्हटल्यावर माझे कान उभे राहिले, मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, कुठला संत्रा? त्याला माहीत नव्हतं, तो आत जाऊन त्या गमबूटवाल्याला घेऊन आला. साल वाळवलेली, पाकिटातली येते म्हणाला, आणि मी काटोलकडचा, बागायतदार वगैरे म्हटल्यावर तो एकदम मोकळा झाला, चला आत दाखवतो म्हणाला. काचेच्या पलीकडं स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या, जमीन ओली, आणि वास.

तो वास मी ओळखला.

कुरडईच्या चिकाचा वास होता तो. आमच्याकडं होळी झाली की आईचं सुरू होतं, गहू तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलायचं, तरी तिसऱ्या दिवशी अंगणात तो आंबूस वास भरून राहतो. मग वाटायचं, पिळायचं, सत्त्व खाली बसू द्यायचं, आणि पहाटे मोठ्या गंजात तो चीक शिजवायचा. शिजताना जी वाफ येते, ओल्या गरम धान्याची, थोडी गोड, लहानपणी आम्ही वाट्या घेऊन रांगेत बसायचो त्या चिकासाठी, त्यात गूळ किंवा तेल-तिखट. पुण्यातल्या त्या बंद खोलीत तीच वाफ. मी त्याला सांगितलं तसं त्यानं सगळं नीट विचारून घेतलं, किती दिवस, पाणी किती, आंबट होतं म्हणजे किती. मीही रंगात येऊन सांगत होतो. त्यानं मग त्याचं सांगितलं. सातू आधी मोड आणून वाळवतात, ते झालं माल्ट, मग भरडून साधारण पासष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर, तेवढ्यात धान्यातल्या पिठूळपणाची साखर होते. ते गोड पाणी काढून हॉप टाकून उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं, मग थांबायचं. फावड्यानं तो जे काढत होता तो उरलेला चोथा, निळ्या ड्रममध्ये भरून ठेवलेला, एक गोठेवाला येऊन गाईंसाठी घेऊन जातो म्हणाला. आईही कुरडईचा कोंडा गाईलाच घालते. मी मूठभर हातात घेऊन पाहिलं, गरम होतं, बैलांची ढेप भिजवल्यावर लागते तसं. मला त्या क्षणी त्या पोराबद्दल फार आपुलकी वाटली, काम तेच आहे आपलं, असं काहीतरी.

आणि मग त्यानं मोहाचं विचारलं. म्हणाला, आम्हाला धान्यातून साखर काढायला एवढी खटपट करावी लागते, तुमच्या त्या फुलात तं ती आयतीच असते. फुलावरचं यीस्टही असेल रानातलंच. कसं करतात ते?

बहुतेक.

आमच्या धुऱ्यावर फुलं वेचायला एक मावशी येते. गोंडांची वस्ती आहे गावाला लागून, तिथली. मी शाळेत होतो तेव्हापासून येते, म्हणजे आता साठीच्या पुढं असेल. फाल्गुनात मोहाची पानं गळतात, झाड पूर्ण उघडं होतं, फांद्यांच्या टोकाला मातकट झुबके लागतात, आणि मग एक दिवस पहाटे खाली फुलं. फूल म्हणजे पाकळ्यांचं नाही, फिकट पिवळं, गुबगुबीत, मण्यासारखं पोकळ, दाबलं की चिकट गोड रस. रात्रभर वर वटवाघळांचा गोंधळ असतो आणि खाली सकाळी सडा. मावशी उजाडायच्या आत टोपलं घेऊन हजर. पुष्कळ ठिकाणी वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवून देतात, त्यानं जंगलात वणवे लागतात, पण आमची बाग शेजारीच म्हणून बाबांनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की आग नको, आणि तेव्हापासून ती खराट्यानं झाडून जागा साफ करते. एवढी वर्षं. फुलं तिची, बदल्यात वाळलेली दोन पायल्या आमच्या घरी, हा व्यवहार बाबांचाच. ती फुलं बाबा बैलांच्या कुटारात मूठ-मूठ घालायचे, नांगरटीच्या दिवसांत ताकद येते म्हणून. आई थोडी भाजून तिळासोबत कुटून आम्हाला द्यायची.

त्या फुलांचं अजून काय होतं याबद्दल आमच्या घरात कोणी बोललं नाही. बाबा गुरुदेव सेवा मंडळातले, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकली नाही, सुपारीसुद्धा तोंडात नाही. दारू हा शब्दच घरात खालच्या आवाजात. आणि त्याला कारण होतं, आईच्या सख्ख्या मामेबहिणीचा नवरा दारूनं गेला, त्या मावशीनं पदरात दोन पोरं घेऊन आमच्याकडं काढलेले सहा महिने मला आठवतात, ती रात्री चुलीपुढं नुसती बसून राहायची. कोंढाळीच्या पुढं गेलं की वर्धा जिल्हा लागतो, तिथं दारूबंदी आहे, आणि ज्या बायांना ती बंदी हवी असते त्यांना ती का हवी असते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळं मोहाची दारू म्हणजे काय थोर परंपरा, असं मी गळा काढून म्हणू शकत नाही. पण मग पुण्यात दोन दिवस मी जे काय करत होतो ते काय होतं? तिथं मी एका टाकीपुढं उभा राहून यीस्टच्या जाती समजून घेत होतो, मान डोलवत होतो, आदरानं. तो आदर खराच होता. तोच आदर घेऊन मी घरापासून तीनशे पावलांवरच्या धुऱ्यावर तीस वर्षांत एकदा गेलो नाही, हे मला टोचतंय.

शब्दही बघा ना. तिकडं फर्मेंटेशन म्हणतात. आमच्याकडं पेपरात दर आठवड्याला बातमी असते, इतका लिटर मोहाचा सडवा नष्ट. सडवा. म्हणजे सडलेलं. फोटोत निळे ड्रम आडवे पाडलेले, काळपट पाणी वाहतंय, मागं पोलीस उभे. मुंढव्यातला ड्रमही त्याच निळ्या रंगाचा होता, हे मला परतीच्या गाडीत अकोल्याच्या आसपास कधीतरी रात्री लक्षात आलं आणि मग झोप लागली नाही. बातमीतला माल किती वेळा खरोखर घातक असतो, त्यात काय काय मिसळलेलं असतं हेही खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण फुलं तरी? २०२१ पर्यंत आपल्या राज्यात नुसती मोहफुलं गोळा करून ठेवण्यावर, नेण्या-आणण्यावर निर्बंध होते, मग सरकारनं ते उठवले. म्हणजे माझ्या डोळ्यादेखत टोपलं घेऊन जाणारी मावशी इतकी वर्षं काय भीतीनं जात असेल याचा मला पत्ता नव्हता. सावनेरच्या पलीकडं, मध्य प्रदेशात, आदिवासी बचत गटांनी गाळलेली मोहाची दारू हेरिटेज म्हणून विकायचं धोरण आलंय. हद्द ओलांडली की सडव्याचा वारसा होतो. झाडं मात्र तीच, रस्त्याच्या अलीकडंही आणि पलीकडंही. आणि ज्या शहरात मी राहतो ते वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, १७०२ साली, शाळेत पाठ केलं होतं, पण त्यांच्या भाषेत मोहाला काय म्हणतात ते मला येत नाही.

पुण्याहून आलो त्या शनिवारी सरळ शेतात गेलो. फळं बरी होती, गळ थोडी वाढली होती. मावशी अंगणात फुलं वाळत घालत होती, तिच्या अंगणात, मी पहिल्यांदाच तिच्या घरी गेलो होतो हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. तिनं बाज टाकली, पाणी दिलं. वाळत घातलेल्या फुलांचा वास अख्ख्या अंगणात, मनुका आणि ओला गवताचा भारा एकत्र केल्यासारखा, थोडा उग्र. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं. तिचा हात थांबला.

"आमी नाई काढत जी. आमी निस्ती फुलं येचतो."

"तसं नाही मावशी, मला नुसतं समजून घ्यायचं आहे."

"तुमाले कायले पाह्यजे? तुमचे बाबा तं देवमानूस होते."

यावर काय बोलणार. मी पुण्याचं सांगितलं, त्या पोराचं सांगितलं, बीअरचं, सातूचं, चोथा गाईला घालतात ते. चोथ्याचं तिला पटलं. मग ती फुलांचं बोलायला लागली, दारूचं नाही, फुलांचं. फूल कधी तोडाचं नाही, पडू द्याचं, झाडावरचं कच्चं असते. पाऊस आला की काळं पडते, मग व्यापारी भाव पाडते. वाळवाचं ते कडक उन्हातच, रोज वरखाली कराचं, बुरशी आली की टोपलंच्या टोपलं जाते. तिच्या माहेरी पावसाळ्यात घरात दाणा नसला की हीच फुलं शिजवून खायचे, टोळ, म्हणजे मोहाची बी, फोडून तेल काढायचे ते भाजीला. मधेच तिनं गोंडीत एक शब्द वापरला, मी परत म्हणून पाहिला, मला काही तो नीट उचलता आला नाही, तिनं दोनदा म्हणून दाखवला आणि सोडून दिलं. निघताना म्हणाली, फुलाचं पाहाचं असन तं दुपारी येऊन काय समजते, चार वाजता ये.

चार म्हणजे पहाटेचे.

गेल्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईन होती. शेतीची थ्री फेज रात्री बारानंतर येते, मग कोणीतरी थांबावंच लागतं, मोटर चालू करा, ठिबकचे व्हॉल्व्ह बदला, कुठं नळी रानडुकरानं उखडली का ते टॉर्च घेऊन बघत फिरा. एरवी मी या रात्री वैतागून काढतो. या वेळी साडेतीनला व्हॉल्व्ह बदलला आणि धुऱ्याकडं गेलो. मार्चअखेर असूनही अंगावर शाल लागत होती, दिवसा चाळीस आणि पहाटे गारवा, हा आमचा वसंत. मोटरचा आवाज मागं राहिला तसा पुढचा आवाज यायला लागला. टप. मग काही नाही. मग टप टप दोनदा, वाळल्या पाचोळ्यावर. मला आधी वाटलं पाऊस, पोटात गोळाच आला, वर पाहिलं तं चांदण्या लख्ख.

मावशी येऊन बसलेली होती. टॉर्च बंद कर म्हणाली, डोळ्याला सवय होते. मी बंद केला. हळूहळू जमीन दिसायला लागली, झाडून साफ केलेली, आणि तिच्यावर फिकट ठिपके, बघता बघता वाढत जाणारे. ती वेचत नव्हती अजून, पडणं सरू दे म्हणाली, नाहीतर पायाखाली येतात. एक फूल माझ्या खांद्यावर पडलं, थंडगार, मी तोंडात टाकलं. गोड, आणि गोडाच्या शेवटी जिभेवर किंचित काहीतरी चढणारं, दूध नासायच्या आधी लागतं तसं. तेवढ्यात ती आपणहून बोलायला लागली. तिची आई कसं करायची ते. फुलं किती दिवस वाळलेली हवी, पाणी कुठल्या विहिरीचं, मडकं कशानं धुवायचं, वास घेऊन कसं ओळखायचं की झालं. मधे मधे थांबायची, आठवायची, एक-दोनदा स्वतःशीच नाही म्हणून दुरुस्त करायची. मी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "हे तुले सांगतलं. कोनाले सांगजो नको." पहिल्यांदा तिनं मला तुले म्हटलं. तर ते इथं लिहीत नाही.

त्या पोराचा नंबर माझ्याकडं आहे. त्याला वाळलेली संत्र्याची साल पाठवायची आहे, आईनं उटण्यासाठी करून ठेवलेली होती त्यातली डबाभर काढून ठेवली आहे. सोबत मोहाची फुलं टाकावी का ते मावशीला विचारलं, ती म्हणाली पाठव की, फुलाले काय होते.

सहाच्या सुमारास लाईन गेली. मोटर बंद पडली आणि एकदम सगळीकडं शांत झालं. मावशी वेचायला लागली होती, मीही तिच्या मागं उकिडवा बसलो, टोपलं मधे ठेवून. पूर्वेला बागेवर उजेड यायला लागला होता. वरनं अजूनही एखादं फूल पडत होतं.